पहिली हाक चांगुणाची

आप्पा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सुभाष सर बोलायला उभे राहिले. समाजमंदिर भरलेलं होतं. कारखान्यातली माणसं होती, सेक्टरमधली होती, आणि आप्पांच्या हाताखाली खेळून गेलेल्या, आता कडेवर मुलं असलेल्या बऱ्याच बायका होत्या. सर म्हणाले, "शिवरामरावांनी कच्च्या पोरींतून खेळाडू काढले. स्वतःच्या मुलीलाही त्यांनीच जिल्ह्यापर्यंत नेलं."

माणसांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होते. सरांचं पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं नव्हतं. मला जिल्ह्यापर्यंत आप्पांनी नेलं नाही. मी कशी गेले ते आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही सात वर्षं त्याबद्दल बोललो नाही. आता बोलायला आप्पा नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आप्पा तुर्भ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. बास्केटबॉल ते भायखळ्याला असताना शिकले. आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा इथे घरं होती आणि मधल्या जागा रिकाम्या होत्या. अशाच एका रिकाम्या जागेत आप्पांनी आणि त्यांच्या मित्रांनी दोन खांब पुरले, रिंगा स्वतः वेल्डिंग करून बसवल्या. अठ्ठ्याहत्तर साली मुलींची लीग सुरू झाली. संघ तीन, प्रशिक्षक तीन: आप्पा, सुभाष सर आणि सुधीर सर. मुली चोवीस.

मुली वाटून घेण्याची पद्धत आप्पांनीच बसवली होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शाळेच्या एका वर्गात तिघे बसत. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरे. मग एकेकाने एका मुलीचं नाव पुकारायचं. याला सगळे 'हाक' म्हणत. पहिल्या फेरीत एक-दोन-तीन, दुसऱ्या फेरीत उलट, तीन-दोन-एक. म्हणजे ज्याची पहिली हाक, त्याला दुसरी हाक थेट सहावी मिळायची. आणि एक नियम होता: प्रशिक्षकाला घरची मुलगी आपल्या संघात हवी असेल तर तिच्यासाठी पहिलीच हाक खर्च करायची. पहिल्या हाकेत घेतली नाही, तर ती सगळ्यांना मोकळी. घरच्या मुलीला कुणी मागे लपवून ठेवू नये म्हणून हा नियम. तोही आप्पांचाच.

तीन वर्षं त्यांनी पहिली हाक माझ्यावर खर्च केली. पहिल्या वर्षी मी चौदाची होते, हडकुळी, चेंडू हातात आला की डोळे मिटणारी. लोक हसले होते. आप्पा बाकीच्या हाकाही तशाच द्यायचे. ज्या मुलीला खेळता येतं तिला सोडून, जिला येईल असं त्यांना वाटे तिला घ्यायचे. मीना नावाची एक ताडमाड मुलगी त्यांनी घेतली, तिने अख्ख्या मोसमात चार गुण केले आणि शिलाईच्या क्लासला निघून गेली. दुसरीने पहिल्याच आठवड्यात मनगट मोडून घेतलं. तीन वर्षांत दोनदा आमचा संघ शेवटचा आला.

सुभाष सर म्हणत, "शिवरामराव, तुमच्या घरी भाजी शिजवतात की नुसती निवडतात?"

आप्पा हसत. "तयार माणूस कुणीही ओळखतो हो. त्याला प्रशिक्षक कशाला पाहिजे?"

एक्क्याऐंशी सालचा डिसेंबर मात्र माझ्यासाठी वेगळा होता. मे महिन्यात बारावीला मला अठ्ठेचाळीस टक्के पडले होते, त्यांवर प्रवेश न मिळून मी घरी बसले होते. मला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं, मुंबईतल्या एका कॉलेजात, तिथल्या ग्रंथालयासाठी. तिथे खेळाडूंसाठी दोन जागा असत. अट एकच: जिल्ह्याच्या संघाचं प्रमाणपत्र. ठाणे जिल्ह्याच्या ज्युनियर संघात त्या वर्षी आमच्या लीगमधून एक मुलगी घेणार होते. फक्त एक. माझं ज्युनियरचं ते शेवटचं वर्ष. नाहीतर आईने तुर्भ्याला पॅकिंगच्या कामाचं विचारून ठेवलंच होतं.

मी निर्धास्त होते. लीगमध्ये माझ्याएवढं नीट खेळणारी दुसरी नव्हती. हे मी फुशारकीने म्हणत नाही. आप्पांनीच तीन वर्षं घासून मला तशी केली होती.

माझं अक्षर चांगलं म्हणून दर वर्षी फळ्यावर नावं मीच लिहायचे. त्या रविवारीही हातात खडू घेऊन उभी राहिले. तीन रकाने आखले. चिठ्ठी उघडली, पहिली हाक आप्पांची निघाली. मी त्यांच्या रकान्याखाली 'सु' लिहायला हात उचललासुद्धा.

"चांगुणा मढवी," आप्पा म्हणाले.

वर्गात कुणीतरी "कोण?" असं म्हणालं.

"कोपरखैरणे गावातली. यादीत चोविसावी."

मी मागे वळून पाहिलं नाही. चांगुणाला मी ओळखत होते. दोन महिन्यांपूर्वी आप्पांनी तिला खाडीकडच्या मिठागरावर मिठाची पाटी उचलताना पाहिलं होतं आणि तिच्या मामाला भेटून, चार वेळा चहा पिऊन, मैदानावर आणलं होतं. उंच होती, हात गुडघ्यापर्यंत येतील असे. चेंडू तिला धड आपटता येत नव्हता.

"लिही बाळ," आप्पा म्हणाले.

मी लिहिलं. चांगुणा मढवी.

सुभाष सरांनी यादीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "नक्की ना, शिवरामराव? मग मला दोष देऊ नका हां."

"नियम आहे."

"सुनीती तांबे," सुभाष सर म्हणाले.

माझंच नाव मी दुसऱ्याच्या रकान्यात लिहिलं. 'ती'ची वेलांटी काढताना खडू मोडला. बाकीची बावीस नावं कशी लिहिली ते आठवत नाही.

घरी जेवताना आईने विचारलं, तेव्हा आप्पांनी सगळं सरळ सांगितलं. आईचा हात परातीत थांबला.

"अवो, पोरीचं वर्ष हाय हे. तुमाला ठाऊक नाय काय?"

"ठाऊक आहे." मग ते माझ्याकडे वळले. "सुनी, तू कुणाच्याही संघात खेळशील. कुणीही तुला घेईल. ती पोरगी माझ्याशिवाय कुणाच्या संघात उभीसुद्धा राहणार नाही. फळ्यावर शेवटी उरली असती, मग मामाने परत मिठागरावर नेली असती."

"आणि जिल्ह्याच्या जागेचं?"

"ती खेळून मिळवायची."

"तिच्याविरुद्ध?"

आप्पा म्हणाले, "सगळ्यांच्याविरुद्ध."

त्यांच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी तयार झाले होते, म्हणून त्यांच्या कामाची उरले नव्हते. सतरा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं.

पुढचे आठ आठवडे आम्ही दोन खोल्यांच्या घरात एकमेकांविरुद्ध राहिलो. सकाळी साडेपाचला चांगुणा कोपरखैरण्याहून चालत यायची. आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत आप्पा तिला शिकवायचे. खेळायला तिच्याकडे पँट नव्हती, आईने माझी जुनी उसवून, खाली पट्टी जोडून तिला दिली. मी गॅलरीत दात घासत उभी असायचे. खालचा प्रत्येक शब्द वर यायचा.

"पायाकडे बघू नकोस. चांगुणा, वळायच्या आधी पायाकडे बघतेस. समोरच्याला कळतं तू कुठे वळणार ते."

"बगत नाय सर."

"आत्ता बघितलंस."

"त्यो पाय माजाच हाय ना, हाय का नाय ते बगतंय."

आप्पा मोठ्याने हसायचे. माझ्याबरोबर सरावात ते असे कधी हसले नव्हते. पण सवय जात नव्हती. डावीकडे वळायचं असलं की तिची नजर आधी डाव्या पायावर जायची, एखाद्या क्षणासाठी. उजवीकडे असलं की उजव्या. बांधावरून पाटी डोक्यावर घेऊन चालणारी मुलगी, पाय कुठे पडतो ते बघितल्याशिवाय वळली तर खाली पाण्यात. आप्पांनाही हे माहीत होतं. ते चिडायचे नाहीत. रोज तेच सांगायचे.

एकदा ती पाणी प्यायला वर आली. मी तांब्या दिला.

"तुना तं सगला येतं," ती म्हणाली. "सर सांगतान, सुनीतीवानी पास दे."

मी तांब्या घेऊन आत गेले.

सुभाष सरांनी मला एकदा विचारलं, "काय ग, घरी काय शिजतंय?"

"तुम्ही मला खेळायला घेतलंय की बातम्यांना?"

"बरं बाई. आप्पांचीच पोर आहेस." सर हसले, पुन्हा विचारलं नाही. पायांची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती मी स्वतःसाठी ठेवली होती.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अंतिम सामना झाला. आप्पांचा संघ तिथवर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दर सामन्यात चांगुणा चेंडू हातातून सोडायची, फाउल करायची, आणि दर सामन्यात आधीपेक्षा थोडी बरी खेळायची. ठाण्याहून सुचित्रा मॅडम आल्या होत्या. जिल्ह्याच्या निवडीचा शब्द त्यांचा. केस कापलेल्या, हातात वही, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. मैदानाभोवती तीन-चारशे माणसं होती. एका बाजूला चांगुणाचा मामा चप्पल हातात घेऊन उकिडवा बसला होता.

सामना सुरू झाला आणि सुभाष सरांनी तिला अडवायचं काम मला दिलं. मी नजर तिच्या चेंडूवर ठेवली नाही, डोळ्यांवर ठेवली. तिची पापणी डावीकडे झुकली की मी अर्धं पाऊल आधीच तिथे. ती माझ्या अंगावर यायची. शिट्टी, फाउल तिचा. पुन्हा. आणि पुन्हा. लोक ओरडायला लागले, "ए बांबू, रस्ता चुकलीस काय!" तिचे तीन फाउल झाले तेव्हा मी आप्पांकडे पाहिलं. ते बाकावर नव्हते, रेषेजवळ उभे होते, आणि चांगुणाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी काय करते आहे ते त्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळलं असणार.

त्यांनी तिला बाहेर काढलं नाही. टाइमआऊटही घेतला नाही.

सहा मिनिटं उरली तेव्हा एक्केचाळीस-तीस. आम्ही अकराने पुढे. मी मनात कॉलेजचा अर्ज भरायला लागले होते.

चांगुणाला चेंडू मिळाला. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या डोळ्यांची वाट पाहत होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, सरळ, जणू आत्ताच मला ओळखलं. आणि माझ्याकडे बघता बघताच वळली. खाली पाहिलंच नाही. मी उजवीकडे होते, ती डावीकडून गेली. चेंडू रिंगमध्ये.

योगायोग असेल म्हटलं. पुढच्या वेळी ती मुद्दाम डाव्या पायाकडे बघून उजवीकडे वळली.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा रेषेवर गप्प होते. मी तिला कशी अडवते आहे हे तिचं तिने चौतीस मिनिटांत शोधलं होतं, आणि शोधून माझ्यावरच उलटवलं होतं. खोटी नजर द्यायला शिकायला मला दोन वर्षं लागली होती. उरलेल्या मिनिटांत तिने एकूण बारा गुण केले. सगळे माझ्या अंगावरून. मी तिला ढकललं, पँटीला धरलं, हात ओढला. ती एकदाही चिडली नाही. शेवटी शेवटी तर तिला मजा येत होती.

शिट्टी वाजली तेव्हा त्रेचाळीस-बेचाळीस. आम्ही जिंकलो. आणखी अर्धं मिनिट असतं तर नसतो जिंकलो. सुभाष सरांनी मला उचललं. मी खाली उतरायला धडपडत होते.

मंडपाखाली टेबल होतं. सुचित्रा मॅडमनी दोघा प्रशिक्षकांकडून कागदावर एकेक नाव मागितलं. सुधीर सर म्हणाले होते, मी यात पडत नाही. सुभाष सरांनी माझं नाव लिहिलं. आप्पांनी चांगुणाचं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला बोलावलं.

"वडील ना हे तुझे?" त्यांनी आप्पांकडे बोट केलं.

"हो."

"आणि यांनी दुसरीचं नाव दिलंय. माहीत आहे?"

"हो."

त्यांनी वही मिटली. "हे बघ, मला यंदाच जिंकायची घाई नाही. ती पोरगी कच्ची आहे, दिसतंय. पण शेवटची सहा मिनिटं मी पाहिली. ते तिचं आहे की तू दमलीस म्हणून झालं, हे मला इथून कळत नाही. चाळीस मिनिटं तिच्यासमोर तू होतीस. शिकेल का ती? खरं सांग."

मैदानावर चांगुणा मामाजवळ उभी होती आणि खाली वाकून त्याला काहीतरी सांगत होती, हाताने चेंडू फेकल्यासारखं करून. आप्पा टेबलापाशी होते, माझ्यापासून दोन हातांवर. मला त्यांच्या शर्टाचा वास येत होता.

मला उत्तर माहीत होतं. त्या मैदानावर ते इतकं नक्की दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"ती वळायच्या आधी पायाकडे बघते मॅडम," मी म्हणाले. "रोज सांगून दोन महिन्यांत गेलं नाही. मी शेवटी दमले होते."

"म्हणजे जाणार नाही ही सवय?"

"मला नाही वाटत."

मॅडम आप्पांकडे वळल्या. "शिवरामराव? तुमचं काय म्हणणं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आधी ते मला शिकवायचे तेव्हा माझा हात कुठे चुकतो ते असे बघायचे. त्यांना खरं माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हेही माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर जागा चांगुणाची होती. त्याच वाक्याने मी सगळ्यांसमोर खोटी ठरले असते. मंडपवाल्याने मागे एक बांबू खाली पाडला, तेव्हा मी दचकले.

"समोर सुनीती होती," आप्पा म्हणाले. "मी रेषेबाहेर होतो."

मॅडमनी वही उघडली आणि माझं नाव लिहिलं.

आम्ही चालत घरी आलो. चेंडूंची जाळी त्यांच्या खांद्यावर होती. कोपऱ्यावर आल्यावर ते म्हणाले, "प्रमाणपत्र आलं की कॉलेजात झेरॉक्स दे. मूळ प्रत देऊ नकोस, हरवतात." मी बरं म्हणाले. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

जिल्ह्याचा संघ पहिल्या फेरीत हरला. मी अकरा गुण केले, एकही चूक केली नाही. जूनमध्ये मला प्रवेश मिळाला. त्या ग्रंथालयात मी तीन वर्षं काढली आणि आज जे काही वाचते, लिहिते, ते तिथलं आहे. त्याचा मला पश्चात्ताप होतो असं म्हटलं तर तेही खोटं होईल.

आप्पांनी तेव्हा मला निवडलं, की माझ्यावरची आशा सोडली, हे मला ठरवता आलेलं नाही. पुष्कळ वर्षं मी पहिलं धरून चालले. हल्ली रोज बदलतं.

त्या सामन्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आप्पांनी सायकल काढली. चांगुणाच्या मामाने आता तिला वाशीला पाठवायचं बंद केलं होतं. हरली, निवडली नाही, मग कशाला, असं त्याचं म्हणणं. म्हणून आप्पाच कोपरखैरण्याला जायला लागले. तिथे एका पडक्या गोदामाच्या भिंतीला त्यांनी रिंग ठोकली. निघताना ते दाराशी थांबले.

"येतेस? तिला समोर कुणीतरी लागतं."

मी पांघरूण डोक्यावर घेतलं. ते थोडा वेळ थांबून गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं, त्याच्या पुढच्याही. वैशाखात चांगुणाचं लग्न उरणकडे झालं, तोवर दर रविवारी विचारलं. मी एकदाही गेले नाही.